घुमट घडवणाऱ्या मुलाने पुढे काय शिकावं?

गोव्यातल्या डिचोलीहून एका आईचं पत्र आलं आहे. घरात कुंभाराच्या चाकावरचं काम पिढीजात. मुलगा यंदा वाणिज्य शाखेतून बारावी झाला. वाड्यावरच्या आरतीत तो लहानपणापासून घुमट, म्हणजे कातडं ताणलेलं मडक्याचं वाद्य, वाजवतो आणि आता वडिलांच्या हाताखाली घुमटं घडवतोही. मामा म्हणतो, सरकारी नोकरीच्या परीक्षांना बसवा. आजोबा म्हणतात, बकऱ्याच्या कातड्याला घोरपडीच्या कातड्याचा नाद येत नाही, घुमट संपल्यातच जमा आहे. मुलगा हट्टाला पेटला आहे. आई विचारते, 'दहा वर्षांनी हे वाद्य राहील का? आणि राहिलं तरी त्यावर त्याचं घर चालेल का?'

ताई, आधी आजोबांचं बोलूया, कारण त्यांच्या तक्रारीतच तुमच्या मुलाचं काम दडलेलं आहे. त्यांचा कान खरा आहे. घोरपडीचं कातडं पातळ आणि चिवट, त्याचा आवाज ज्याने आयुष्यभर ऐकला त्याला फरक कळणारच. पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे; तिची शिकार केली किंवा कातडं बाळगलं तर तुरुंगवासाची शिक्षा आहे. तो रस्ता बंद झाला आणि तो बंदच राहावा. घोरपड मारून परंपरा जपली असं कुणाला म्हणता येणार नाही. मुलाला हे स्पष्ट सांगा. गिऱ्हाईक कितीही जुनं, ओळखीचं असलं आणि जादा पैसे देत असलं, तरी तसलं काम हातात घ्यायचं नाही.

घुमट मात्र संपलेलं नाही. 2019 मध्ये गोवा सरकारने त्याला वारसा वाद्याचा दर्जा दिला. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, आरत्यांना ते लागतं, शिगम्याला लागतं, आणि ख्रिस्ती घरांत मांडो ही कोकणी गाणी गायला बसले की तिथेही लागतं. देवळातली आणि चर्चच्या वाड्यावरची, दोन्ही माणसं ज्याला आपलं म्हणतात असं वाद्य मागणीवाचून पडून राहील असं मला वाटत नाही.

राहिला नाद. घुमटाच्या मडक्याला दोन तोंडं. मोठ्या तोंडावर कातडं, त्यावर उजव्या हाताची बोटं. लहान तोंड उघडं, त्यावर डावा तळवा उघडझाप करतो आणि घुमारा कमीजास्त होतो. बकऱ्याचं कातडं जाड, पण मडकी अजून जुन्याच मापाने घडवली जात असतील तर आवाज बोदा येणारच. मग तोंड किती रुंद ठेवावं, पोट किती फुगवावं, भिंत किती पातळ काढावी, कातडं कुठवर खरवडावं, हे सगळं नव्याने बसवावं लागेल. वाजवणाऱ्याला चाक येत नाही आणि मडकं घडवणारे सगळेच काही वाजवत नाहीत. तुमच्या मुलाला दोन्ही येतं. रात्री आरतीत बोटांना जे खटकलं ते सकाळी तो मातीत बदलून बघू शकतो.

त्याला एक जाड वही घेऊन द्या. प्रत्येक मडक्याची मापं, कातडं कुठल्या भागाचं, कधी ताणलं, किती दिवस वाळवलं, आवाज कसा आला, सगळं त्यात उतरू दे; जोडीला मोबाईलवर ध्वनिमुद्रण. पावसाळ्यातल्या नोंदी सगळ्यात महत्त्वाच्या. चवथ येते पावसाळ्यात, कातडं ओल धरतं आणि आवाज बसतो. विसर्जनापर्यंत न बसणारं घुमट जो देईल, त्याच्या दारात मंडळं आपणहून येतील. आणि या परीक्षेला परीक्षक आजोबाच बसवा. त्यांचा कान आहे तोवर त्याचा उपयोग करून घ्या.

आता शिक्षण. पणजीला आल्तिन्होवरच्या कला महाविद्यालयात ललित कलेची चार वर्षांची बीएफए पदवी आहे, हे तुम्हाला कुणीतरी सुचवलेलं दिसतं. चित्रकलेची ओढ असेल तर जरूर जावं. तुमच्या पत्रात चित्राचा कुठे उल्लेख नाही, म्हणून माझं मत वेगळं आहे. त्याने साखळीच्या सरकारी महाविद्यालयात बीकॉम करावं. घर सुटत नाही, चाक सुटत नाही, आणि हिशेब, किंमत ठरवणं, जीएसटी, बँकेचे कागद हे सगळं हाताशी येतं. कारागिराच्या घरात मजुरी धरून किंमत काढायची सवय बहुधा नसते. तिथेच पैसा गळतो. पदवीनंतर जयपूरच्या भारतीय शिल्प आणि रचना संस्थेत भाजलेल्या मातीच्या कामाचा अभ्यास आहे, त्याचा विचार तेव्हा करू.

सोबत तबला शिकू दे, कला अकादमीत किंवा जवळच्या गुरूकडे. बोल लिहायची पद्धत कळली की सुंवारीचे, म्हणजे घुमटाच्या सामूहिक वादनाचे, ठेके त्याला कागदावर उतरवता येतील आणि शाळांतून शिकवताही येतील. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची 18 ते 25 वयाच्या कलाकारांसाठी महिना 5,000 रुपयांची दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे, लोककलाही तिच्यात येतात. गुरूकडे किमान पाच वर्षं शिकल्याचा दाखला लागतो, तेव्हा तारखा आतापासून लिहून ठेवा.

पोटाचं विचारलंत ते बरं केलंत. नुसती घुमटं विकून सुरुवातीला घर चालणार नाही. चवथ सरली की मागणी ओसरते. पणत्या, कुंड्या, स्वयंपाकाची मडकी हे चालूच ठेवावं लागेल. जुन्या घुमटांना नवं कातडं चढवून देण्याचं काम मात्र धरून ठेवा, ते वर्षभर येऊ शकतं.

पीएम विश्वकर्मा योजनेत कुंभारकाम आहे. अवजारांसाठी 15,000 रुपये आणि दोन टप्प्यांत मिळून 3 लाखांपर्यंत पाच टक्के व्याजाने कर्ज मिळतं. पण लाभ कुटुंबातल्या एकालाच, आणि सरकारी नोकर व त्याच्या कुटुंबाला मुळीच नाही. म्हणून नाव वडिलांचं घालायचं की मुलाचं, हे घरात बसून ठरवा. माझ्या मते वडिलांचं घाला. मुलाला अजून तीन वर्षं कॉलेजात काढायची आहेत आणि भट्टी आज वडील सांभाळतात.

मामांना सांगा, पदवी झाली की नोकरीच्या परीक्षांची दारं उघडीच असतील. तेव्हा बसावंसं वाटलं तर त्याने बसावं. ही तीन वर्षं त्याला चाकावर द्या.