भयकथा वाचताना अंगावर काटा येतो, पण त्याच कथेवरचा चित्रपट पाहताना भीती का पळते?

तुम्ही विचारलंय की पुस्तकातलं भूत झोप उडवतं, पण पडद्यावर तेच भूत दिसलं की भीती ओसरते. विज्ञानकथा आणि फँटसीच्या बाबतीतही असाच अपेक्षाभंग होतो. मग हा वाढत्या वयाचा परिणाम म्हणायचा की चित्रपटांचा दोष?

वयाचा परिणाम नक्कीच नाही. नारायण धारप, रत्नाकर मतकरींच्या भयकथा वाचून रात्री दिवा चालू ठेवणाऱ्यांपैकी मीही एक आहे, आणि आजही ठेवतो. हे कोडं मला बरीच वर्षं छळत होतं. ते सुटलं एका साध्या शब्दापाशी: ‘जणू’.

टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या पहिल्या खंडात (१९५४) खोल खाणीतल्या पुलावर बॅलरॉग नावाचा आगीचा राक्षस समोर येतो. लेखक आधी सांगतो की त्याच्याभोवतीची सावली दोन अवाढव्य पंखांसारखी पसरली. थोडं पुढे गेल्यावर सरळ लिहितो की त्याचे पंख या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरले होते. मग त्याला पंख आहेत की ती फक्त सावली? वाचक यावर कित्येक वर्षं हिरिरीने भांडत आले आहेत. २००१च्या चित्रपटात मात्र धुराचे का होईना, पंख दिसतात. तो बॅलरॉग मला मनापासून आवडतो, त्याची धग खुर्चीपर्यंत पोचते. पण तो सगळ्यांना सारखाच दिसतो. लिहिणारा ‘जणू’ म्हणून थांबू शकतो, उरलेलं आपण आपल्या अंधारातून आणून भरतो. कॅमेऱ्याला ‘जणू’ म्हणता येत नाही. त्याच्यासमोर जे ठेवाल ते असतंच.

भयकथेत याची किंमत सगळ्यात जास्त मोजावी लागते. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्जची ‘द मंकीज पॉ’ (१९०२) वाचली नसेल तर आज रात्रीच वाचा, जेमतेम अर्ध्या तासाची कथा आहे. (आता मी तिचा शेवट सांगणार आहे, हवं तर हा परिच्छेद सोडून द्या.) माकडाचा वाळवलेला पंजा तीन इच्छा पुरवतो. पहिल्या इच्छेपायी मुलगा यंत्रात सापडून मरतो. दुसरी इच्छा बाप आईच्या हट्टापायी मागतो, त्याला परत आणण्याची. मध्यरात्री दार वाजतं. आई कडी काढायला धावते आणि बाप जमिनीवर पंजा चाचपडत तिसरी इच्छा मागतो. दार उघडतं तेव्हा बाहेर रिकामा रस्ता. दाराबाहेर कोण होतं ते आपल्याला कधीच दिसत नाही. पण बापाने काही वेळापूर्वी एक वाक्य बोललेलं असतं, की मुलाचं प्रेत त्याला फक्त कपड्यांवरून ओळखता आलं होतं. सगळी भीती त्या एका वाक्यात आधीच पेरलेली आहे. ही कथा पडद्यावर आणताना कुणी दाराबाहेर मेकअप केलेला नट उभा केला, की खेळ संपला. आपण त्याची रंगरंगोटी तपासायला लागतो, आणि तपासणारा माणूस घाबरत नाही.

म्हणून चित्रपट दुबळा ठरतो असं मात्र नाही. पुस्तकाकडे नसलेल्या दोन गोष्टी त्याच्याकडे आहेत, आवाज आणि वेळ. पुस्तक मिटून पाणी प्यायला जाता येतं, पण चित्रपटाचं घड्याळ दुसऱ्याच्या हातात असतं. १९४२च्या ‘कॅट पीपल’मध्ये एक बाई रात्री एकटी रस्त्याने चालते आहे. मागून पावलांचा आवाज येतो, मग तो थांबतो. ती घाबरून पावलं उचलते. अचानक फिस्स्स असा आवाज होतो, आपण दचकतो, आणि तो निघतो एका बसचा! राक्षस दाखवायला पैसे नव्हते, म्हणून चित्रपट बनवणाऱ्यांनी शांतता वापरली. ‘जॉज’मध्येही (१९७५) यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा, म्हणून बराच वेळ तो न दाखवता संगीतावर आणि पाण्यावरून धावणाऱ्या पिंपांवर भागवावं लागलं.

विज्ञानकथेचं दुखणं वेगळं आहे. तिथे कल्पना समजावून सांगावी लागते आणि पडद्यावर भाषण कंटाळवाणं होतं. ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ची (१९६८) कादंबरी आणि चित्रपट बरोबरीने घडत गेले. आर्थर क्लार्कच्या कादंबरीतलं यान शनीकडे जातं, कुब्रिकच्या चित्रपटातलं गुरूकडेच थांबतं, कारण शनीची कडी पटतील अशी बनवता आली नाहीत. क्लार्कना त्यासाठी शब्द पुरले. पण यानातला संगणक झोपलेल्या अंतराळवीरांना मारतो तो प्रसंग पाहा. ना रक्त, ना किंकाळी. पडद्यावरच्या जीवनरेषा हळूहळू सपाट होत जातात, एवढंच. त्याइतकी गार भीती मला फार कमी पानांनी दिली आहे.

माझं सर्वात लाडकं उदाहरण टेड चँगच्या ‘स्टोरी ऑफ युवर लाइफ’ (१९९८) या कथेचं. (इथेही रहस्य फुटतंय, सांभाळा.) कथेतली आई मुलीशी बोलताना ‘मला आठवतंय’ला भविष्यकाळ जोडते. व्याकरणच रहस्य सांगतं. चित्रपटाला व्याकरणाचे काळ नाहीत, प्रत्येक दृश्य आत्ताच घडत असतं. २०१६च्या ‘अरायव्हल’ने नेमकी हीच उणीव कामाला लावली. सुरुवातीला आई आणि मुलगी दिसतात आणि आपण सवयीने धरून चालतो की हे होऊन गेलेलं आहे. ती आपली चूक असते, ते सगळं अजून घडायचं असतं; चित्रपट खोटं काहीच बोललेला नसतो. ‘जसंच्या तसं’ उतरवण्याचा हट्ट सोडल्यावरच हे सुचतं.

तुमच्या प्रश्नाची स्वतःच पडताळणी करायची असेल तर शर्ली जॅक्सनची ‘द हाँटिंग ऑफ हिल हाउस’ (१९५९) घ्या. भयकथा असेल तर पुस्तक आधी, यावर मी ठाम आहे. त्यात रात्री अंधारात विचित्र आवाज येत असतात आणि नायिका एलेनॉर मैत्रिणीचा हात घट्ट धरून पडलेली असते. दिवा लागतो तेव्हा मैत्रीण खोलीच्या दुसऱ्या टोकाला असते. मग १९६३चा ‘द हाँटिंग’ बघा, कृष्णधवल, दिवे बंद करून, आवाज मोठा ठेवून. दिग्दर्शक रॉबर्ट वाइज त्या प्रसंगात कॅमेरा भिंतीवरच्या नक्षीवर रोखून धरतो. नक्षीच असते ती, पण बघता बघता तिच्यात चेहरा दिसायला लागतो. कॅमेऱ्याने ‘जणू’ म्हटलेलं मी पाहिलं ते तिथे. भूत शेवटपर्यंत दिसत नाही.

त्यानंतर याच कादंबरीवरचा १९९९चा चित्रपट लावा. त्यात संगणकाने बनवलेली भुतं अगदी स्पष्ट दिसतात. माझी भीती तिथे कोणत्या दृश्याला पळाली ते मला नेमकं आठवतं, पण तुम्ही तिन्ही संपवल्यावर आधी तुमचं दृश्य सांगा, मग मी माझं सांगेन.