शटर खाली, शेगडी पेटलेली: सोसायटीच्या नोटिशीला काय उत्तर द्यावे?

प्रश्न: कर्वेनगरमधील आमच्या सोसायटीत तळमजल्यावर माझे गॅरेज आहे. निवृत्तीनंतर तेथे मी लाकडी खेळणी करतो. काही विकलीही जातात. थंडीत सकाळी गोंद नीट धरत नाही, म्हणून शटर ओढून कोळशाची शेगडी पेटवतो. धुराची तक्रार झाल्यावर ‘पंधरा दिवसांत काम बंद करा, अन्यथा वीज तोडू’ अशी नोटीस आली आहे. सोसायटीला तसा अधिकार आहे का?

उत्तर: मीटर आपल्या नावावर असेल तर नाही. वीजपुरवठा तोडण्याचा अधिकार वीज अधिनियम, २००३ नुसार वितरण कंपनीचा असून, थकबाकीसाठी तोडायचा झाला तरी तिलाही कलम ५६ खाली पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. गॅरेजची वायर सोसायटीच्या सामाईक मीटरवरून घेतलेली असेल, तर मात्र हा मुद्दा काढूच नका; तो आपल्यावरच उलटेल.

मला अधिक काळजी शेगडीची वाटते. बंद जागेत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना रंग ना वास, त्यामुळे धूर निवळला म्हणजे हवा शुद्ध झाली असे समजून माणूस आत बसून राहतो. शिवाय भोवती भुसा, थिनर आणि पॉलिश! आगीबाबत निष्काळजीपणा करून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ खाली गुन्हा आहे. कोणी दगावल्यास कलम १०६ लागू होऊन पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शेगडी आजच विझवा आणि मगच उत्तर लिहायला बसा, कारण ती पेटती असेपर्यंत आपली बाजू कोणीही ऐकून घेणार नाही. घरगुती गॅस सिलिंडर खाली आणणे हा तिला पर्याय नव्हे.

ऊब हवीच असेल तर तेलाचा विजेवरील हीटर घ्यावा. दोन हजार वॉटचा हीटर सुमारे नऊ अँपिअर प्रवाह ओढतो, म्हणून त्याला सोळा अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट, अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवा. एक्स्टेन्शन बोर्ड नको. पॉलिश करताना हीटर बंद व शटर उघडे ठेवावे. सॉकेट व वायरिंगचे काम परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून करून घेऊन त्याचा तारखेसह चाचणी अहवाल घ्यावा. अर्थात, पुण्यात जानेवारीतही दुपारी पारा तिशीच्या आसपास जातो. चिकटवण्याचे काम दुपारी केले तर हीटरही लागणार नाही.

विक्रीबाबत सावध राहा. घरगुती दराच्या विजेवर व्यवसाय चालल्याचे ठरल्यास वीज अधिनियमाच्या कलम १२६ नुसार दुप्पट दराने आकारणी होऊ शकते, आणि कालावधी ठरवता आला नाही तर ती तपासणीपूर्वीच्या बारा महिन्यांची होते. विक्री चालू ठेवायची असेल तर जोडणीचा वर्ग बदलून घ्या.

गॅरेज मंजूर नकाशात बंदिस्त गॅरेज म्हणून दाखवले आहे का, हे करारनाम्यासोबत तपासा. ते मुळात स्टिल्टमधील (इमारतीखालच्या खांबांमधील मोकळ्या जागेतील) पार्किंग असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या नहालचंद लालूचंद निकालामुळे आपला दावा बराच लंगडा पडतो, कारण तेथे अशी जागा सामाईक मानली गेली आहे. अशा वेळी भांडण्यापेक्षा समितीशी तडजोड केलेली बरी.

नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर देऊन पोच घ्या. शेगडी कायमची बंद केल्याचे त्यात स्पष्ट लिहा, चाचणी अहवाल जोडा, कामाच्या वेळा सांगा आणि विक्रीबाबत खोटे काहीही लिहू नका. त्यानंतरही आपल्या मीटरची वीज तोडण्याची धमकी कायम राहिल्यास महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात दावा दाखल करून कलम ९५ खाली अंतरिम मनाई मागता येईल.