रवि वर्मांचं 'दिवा हातात धरलेल्या बाईचं' चित्र हाताने रंगवून घेतलं तर कॉपीराइटची अडचण येते का?

येऊ शकते, कारण ते चित्र रवि वर्मांचं नाहीच. सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं आहे, मूळ म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये. १९५७ च्या कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. रवि वर्मा १९०६ मध्ये गेले, त्यांची चित्रं खुशाल रंगवून घ्या. हळदणकर गेले १९६८ मध्ये, म्हणजे २०२८ अखेरपर्यंत जपून, विशेषतः नक्कल विकणार असाल तर. चित्रकाराची सही मात्र कुठल्याच नकलेवर उतरवू नका. आणि हो, मूळ चित्र जलरंगात आहे. बाजारात कॅनव्हासवर तेलरंगात करून 'हुबेहूब' म्हणून विकतात. बोटांमधून झिरपणारा तो लालसर उजेड त्यात बहुतेकदा नुसता शेंदरी होऊन बसतो. जलरंगात हात बसलेला चित्रकार शोधा.