ट्रायफोकल लेन्स घ्यावी का?

प्रश्न : वय ६२, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, १२ वर्षांपासून मधुमेह. रात्री गाडी चालवतो. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेत डोळ्यात बसवायला महागडी ट्रायफोकल लेन्स सुचवली आहे. चष्मा सुटेल का?

उत्तर : बहुतेक कामांना सुटतो, पण बारीक अक्षर किंवा मंद उजेड असेल तर कधीकधी लागतो. या लेन्सवरची सूक्ष्म वर्तुळं प्रकाश तीन अंतरांना वाटून देतात : दूरचं, संगणकाचं (सुमारे ६०–८० सेंमी) आणि वाचनाचं (सुमारे ४० सेंमी). वाटणी झाली की प्रत्येक अंतराच्या वाट्याला प्रकाश कमी येतो. म्हणून अंधारात फिकट वस्तू नीट उठून दिसत नाहीत; आणि बाकीच्या अंतरांना वाटलेला प्रकाश पसरून रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती कडी दिसतात. मेंदूला सवय व्हायला काही महिने जातात. काहींना ती होतच नाही.

तुमच्या बाबतीत खरा प्रश्न मधुमेहाचा आहे. आधी बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदा (रेटिना) तपासून घ्या आणि मॅक्युलाचं, म्हणजे पडद्याच्या मधल्या, बारीक पाहणाऱ्या भागाचं, ओसीटी (प्रकाशाने केलेलं स्कॅन) करा. तिथे सूज किंवा रक्तस्राव असेल तर ट्रायफोकल नकोच. साधी मोनोफोकल (एकाच अंतराची) लेन्स आणि वाचनाचा चष्मा बरा. डोळे कोरडे असतील तर आधी उपचार घ्या, नाहीतर लेन्सचं मापच चुकतं. बुबुळाच्या वक्रतेत १ डायॉप्टरच्या आसपास सिलिंडर (तिरपा नंबर) असेल तर तो दुरुस्त करणारा टोरिक प्रकार विचारा.

विमा बहुधा ठरावीक रकमेपर्यंतच पैसे देतो, तेव्हा मंजुरी लेखी घ्या. आणि शस्त्रक्रियेनंतर त्रास वाटला तर घाईने याग लेसर (लेन्समागच्या धूसर पापुद्र्याला छिद्र पाडणारा उपचार) करू नका : त्यानंतर लेन्स बदलणं फार अवघड होतं.