नवी प्रजाती म्हणण्यापूर्वी

तुम्हाला सापडलेला जीवाश्म मणका आजवर कोणी न पाहिलेल्या प्राण्याचा असावा, ही तुमची उत्सुकता मला मनापासून आवडली. ती टिकवा, पण नाव सुचवण्याची घाई करू नका. जबलपूरला मिळालेल्या शेपटीच्या दोन मणक्यांवरून जीवाश्मशास्त्रज्ञ रिचर्ड लिडेकर यांनी १८७७ मध्ये एका डायनासोरला ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले. मणक्याची पुढची बाजू खोलगट आणि मागची चेंडूसारखी फुगीर, हे तेव्हा खास लक्षण वाटले; पुढे तसेच मणके निरनिराळ्या खंडांतील अनेक डायनासोरांत आढळले आणि २००३ मध्ये संशोधकांनी ते नाव ग्राह्य धरण्याजोगे नसल्याचे दाखवले. याउलट चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावच्या सांगाड्यात मान, पाठ, खांदा आणि पुढचा पाय असे बरेच भाग मिळाल्यामुळे ‘इसिसॉरस कोलबर्टी’ आजही स्वतंत्र प्रजाती म्हणून ओळखली जाते.

सुरुवातीला एवढे सांभाळा:

१. जीवाश्म उचलण्यापूर्वी जागेवरच फोटो घ्या आणि अक्षांश-रेखांशासह खडकाचा थर नोंदवा.

२. वेगळेपण दिसले की आधी शंका घ्या. ते पिल्लाचे हाड असेल, नर-मादीतला फरक असेल किंवा वरच्या थरांच्या भाराने हाड चपटे झाले असेल. बहुतेक नवखे इथेच चुकतात, म्हणून जवळच्या ज्ञात प्रजातींच्या हाडांशी एकेक उंचवटा, एकेक खाच ताडून पाहा.

३. नमुना सार्वजनिक संग्रहात जमा करा, म्हणजे इतरांना तो पडताळता येईल.

शास्त्रीय नावासाठी लागणारे लॅटिन व्याकरण आणि नामकरणाचे नियम सध्या बाजूला ठेवा. प्रथम त्या मणक्याचे सहा बाजूंनी, मोजपट्टीसह फोटो काढा.