वाचकांचे प्रश्न : घरातला ट्रेनर आणि बाहेरचा रस्ता

प्रश्न : रस्त्यावर दीडशे वॅटच्या जोरावर मी दोन-अडीच तास सायकल आरामात चालवतो आणि हृदयाचे ठोके मिनिटाला १३५च्या आसपास राहतात. घरातल्या ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी पकडून ठेवणाऱ्या यंत्रावर, तेवढ्याच वॅटला पाऊण तासात ठोके १५०च्या पुढे जातात आणि पाय जड होतात. बाहेरचे वॅट पेडलमधील पॉवर मीटरवर पाहतो, घरातले ट्रेनरच्या आकड्यावर. ट्रेनर चुकीचा आहे, की माझीच ताकद कमी पडते आहे?

उत्तर : ताकदीबद्दलची शंका तूर्त बाजूला ठेवा आणि आधी उष्णतेकडे पाहा. स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेपैकी साधारण २० ते २५ टक्केच पेडलपर्यंत पोहोचवतात. म्हणजे आपण दीडशे वॅट देत असता तेव्हा शरीरात साडेचारशे ते सहाशे वॅट उष्णता तयार होत असते आणि ती बाहेर टाकावीच लागते. रस्त्यावर ताशी २५-३० किलोमीटरच्या वेगाने जाताना समोरून येणारा वारा हे काम आपल्या नकळत करतो. घरात सायकल जागची हलत नाही, त्यामुळे अंगाभोवतीची हवा थोड्याच वेळात गरम आणि दमट होते आणि घाम वाळण्याऐवजी कोपरांवरून, हनुवटीवरून टपकू लागतो. थंडावा मिळतो तो त्वचेवर वाळणाऱ्या घामामुळे. जमिनीवर पडलेल्या घामाचा शरीराला काहीच उपयोग होत नाही. मग हृदयाला स्नायूंबरोबरच त्वचेलाही जास्त रक्त पुरवावे लागते, घामावाटे पाणी गेल्याने रक्ताचे प्रमाणही घटते, दर ठोक्याला पुढे ढकलले जाणारे रक्त कमी होते आणि ती तूट भरून काढण्यासाठी ठोके वाढतात.

हे आपल्या बाबतीत खरे आहे का, हे तपासणे सोपे आहे. सुरुवातीच्या दहा-पंधरा मिनिटांत ठोके रस्त्यावरच्या इतकेच असतील आणि नंतर हळूहळू चढत जात असतील, तर दोष उष्णतेचा आहे. अशा वेळी एक मोठा पंखा समोरून छातीवर थेट वारा येईल असा, शक्य असल्यास दुसरा पाठीमागून, आणि तोही घाम फुटल्यावर नव्हे तर पहिल्या मिनिटापासून चालू ठेवावा. छताचा पंखा पुरत नाही, कारण हँडलवर वाकलेल्या माणसाच्या छातीपर्यंत त्याचा वारा धड पोहोचत नाही.

ठोके अगदी आरंभापासूनच जास्त असतील, तर मात्र मोजमापाकडे वळावे. पेडलमधील मीटर पायाचा जोर थेट मोजतो, तर ट्रेनर तो चेन आणि गिअरमधून गेल्यानंतर मोजतो, आणि वाटेत दोन-चार टक्के सहज गळतात. मागचे चाक रोलरवर टेकवायचा ट्रेनर असेल, तर टायरमधील हवा आणि रोलरचा दाब रोज थोडा बदलला तरी आकडा हलतो. म्हणून दोन्ही ठिकाणी पेडलच्या मीटरचाच आकडा पाहावा. दोन उपकरणांच्या आकड्यांची तुलना करून स्वतःच्या प्रकृतीबद्दल निष्कर्ष काढू नये.

पाय जड होण्याचे आणखी एक कारण आहे. रस्त्यावर आपण आणि सायकल मिळून मोठे वजन गतीत असते, आणि पेडल अगदी वर किंवा अगदी खाली असताना, म्हणजे पायाला धड जोर लावता येत नाही त्या क्षणी, ती गतीच क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, पुढे नेते. ट्रेनरवर हे काम फ्लायव्हीलला, म्हणजे ट्रेनरमधल्या जड फिरत्या चाकाला, करावे लागते, आणि हलक्या गिअरमध्ये ते हळू फिरत असल्याने दर फेरीला पेडल त्या दोन ठिकाणी अडखळल्यासारखे वाटते. जणू चढच चालू आहे. सपाट रस्त्याचा अनुभव हवा असेल तर पुढची मोठी चकती लावून फ्लायव्हील वेगात फिरू द्यावे. ट्रेनर अर्ग मोडवर असेल, म्हणजे ठरवलेले वॅट तो स्वतःच कायम राखत असेल, तर आणखी सावध राहावे. दमून पायाचा वेग कमी झाला की तो वॅट टिकवण्यासाठी अवरोध वाढवतो, त्याने वेग आणखी पडतो, आणि शेवटी पेडल जागीच रुतते. अशा वेळी झगडत न बसता मोड बंद करावा, पाय मोकळे फिरवावेत आणि मग पुन्हा सुरुवात करावी.

प्रश्न : ट्रेनरवरचा एक तास म्हणजे बाहेरचे दोन तास, असे सायकलस्वार मित्र सांगतात. हे खरे आहे का?

उत्तर : यात थोडे तथ्य आहे आणि बरीच अतिशयोक्ती. बाहेर उतारावर, वळणावर, सिग्नलपाशी पाय थांबतात, घरात थांबत नाहीत. पण दोन तासांच्या फेरीत वीस मिनिटे पाय थांबले असे उदारपणे धरले, तरी उरतात शंभर मिनिटे; त्याचा एक तास कोणत्या हिशेबाने होतो? शिवाय लांब फेरीचा मुख्य लाभ तिच्या लांबीतच असतो. स्नायूंमधील साखरेचा साठा उतरत जाणे, चरबीवर चालण्याची सवय होणे, चालवता चालवता खाण्यापिण्याची शिस्त लागणे, या गोष्टी साठ मिनिटांत दाबून बसवता येत नाहीत. ट्रेनर उजवा ठरतो तो ठरावीक जोराच्या छोट्या तुकड्यांसाठी: पाच मिनिटे जोर, तीन मिनिटे विश्रांती असा क्रम तेथे कुत्रा, खड्डा किंवा लाल दिवा मोडत नाही.

प्रश्न : लांब पल्ल्याच्या स्पर्धेची पूर्ण तयारी ट्रेनरवर करता येईल का?

उत्तर : याबाबत मॅथ्यू हेमन या ऑस्ट्रेलियन सायकलपटूचे उदाहरण नेहमी दिले जाते. २०१६च्या फेब्रुवारीअखेरीस शर्यतीत पडून त्यांचा हात मोडला, त्यानंतरचे बरेच आठवडे त्यांनी घरातल्या ट्रेनरवर सराव केला आणि १० एप्रिलला खडबडीत दगडी रस्त्यांची पॅरिस-रुबे शर्यत जिंकली. परंतु ही शर्यत ते त्याआधी कित्येकदा धावले होते, हे सांगायचे राहून जाते. ट्रेनरने त्यांचा दम राखला. दगडांवर सायकल सांभाळण्याचे कसब मात्र त्यांच्याकडे आधीपासूनच होते. आपली ही पहिलीच स्पर्धा असेल, तर गटात चाकामागे चाक ठेवणे, वळणाआधी ब्रेक लावणे आणि सायकल न डगमगता मागे वळून पाहणे बाहेरच शिकावे लागेल. आठवड्यात दोन सत्रे घरात आणि एक लांब फेरी रस्त्यावर, एवढा समतोल तरी ठेवावा.

प्रश्न : ट्रेनरवर सीट फार टोचते आणि हँडलचे स्क्रू गंजले आहेत. उपाय सांगावा.

उत्तर : ट्रेनरला जखडलेली सायकल डोलत नाही, त्यामुळे दाब एकाच जागी राहतो, दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट उभे राहून पेडल मारावे. गंज घामातील मिठाचा आहे. हँडल आणि वरच्या नळीवर टॉवेल पसरावा, सत्र संपताच ओल्या फडक्याने पुसून सायकल कोरडी करावी, आणि महिन्यातून एकदा हँडलची टेप थोडी उलगडून आत पाहावे, कारण मीठ तिच्याखाली साचून धातू कुरतडत राहते आणि बाहेरून त्याचा पत्ता लागत नाही.