प्रश्नोत्तरे : रानावर लिहून पोट भरतं का?

वन्यजीवांवर लिहिणं, त्यांचे फोटो काढणं आणि त्यांच्यावर बोलणं, या तिहेरी व्यवसायाबद्दल खान्देशातून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न आणि जाणकारांची उत्तरं.

बी.एस्सी. झालंय, घरी केळी आहे. वन्यजीव-लेखक, फोटोग्राफर आणि वक्ता व्हायचंय. कर्ज काढून कॅमेरा आणि मोठी लेन्स घेऊ का? – एक वाचक, चोपडा

कर्ज काढू नका आणि केळीही सोडू नका. इथे पैसा उशिरा आणि तुटक येतो: लेखांचं मानधन, फोटोंचे वापरहक्क, व्याख्यानं, आणि जमलंच तर पुस्तक. पुस्तकाचं गणित मांडून बघा. किंमत ४०० रुपये, रॉयल्टी दहा टक्के, आवृत्ती १,००० प्रतींची धरली, तर शेवटची प्रत खपल्यावर तुमच्या हाती ४०,००० रुपये. त्यात रंगीत छपाई महाग, म्हणून प्रकाशक बरेचदा सगळे फोटो आर्ट पेपरच्या एका १६ पानी फॉर्ममध्ये (एकत्र छापलेल्या पानांच्या संचात) बसवतात. तुमच्या शेकडो फोटोंतले वीस-पंचवीसच छापले जाणार.

सुरुवातीला वापरलेली बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि वापरलेली १००-४०० किंवा १५०-६०० मिलिमीटरची झूम लेन्स पुरते. घेताना लेन्समधून टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. उठून चालू लागा. भिंतीवर वर्तमानपत्र सपाट चिकटवून, कॅमेरा स्टँडवर समोर सरळ ठेवून, अपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र) पूर्ण उघडून फोटो काढा. एका बाजूची अक्षरं स्वच्छ आणि दुसऱ्या बाजूची पुसट आली तर लेन्स कधीतरी पडलेली असण्याची शक्यता मोठी.

खरं भांडवल मात्र नोंदवही. तारीख, वेळ, जागा, झाड, जनावर काय करत होतं, हे त्याच दिवशी लिहा. बिबट्याचे चांगले फोटो संपादकाकडे पडलेले असतात. केळीच्या बागेत तो कोणत्या महिन्यात येतो, पाण्याच्या पाळीला जाणारा माणूस रात्री काय काळजी घेतो, हे तुमच्याशिवाय त्याला कोण सांगणार?

सातपुड्यात रानपिंगळ्याचा, म्हणजे एका छोट्या घुबडाचा, फोटो मिळाला. एका मासिकाने परत पाठवला: ‘ओळख पक्की नाही, शिवाय आवाज लावून काढलेला दिसतो.’ त्याला बोलवायला मोबाइलवर त्याच्याच जातीचा आवाज लावला होता, हे खरं. पण त्यात एवढं काय? – एक वाचक, शहादा

आधी ओळख. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठसठशीत पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ एकरंगी, ठिपके अगदी फिके. छाती गडद तपकिरी, खाली पोट पांढरं, शेपटीवर रुंद पट्टे, चोच आणि पाय अंगाच्या मानाने दणकट. तुमच्या फोटोत पक्षी समोरून आहे आणि डोक्यावर पानांची सावली आहे. माथा आणि शेपटी दाखवणारा एकेक फोटो सोबत असता, मग तो कितीही साधा असो, तर संपादक अडला नसता.

संपादकाची ही काटेकोरी फुकाची नाही. १८८४ नंतर या पक्ष्याची खरी नोंद ११३ वर्षं नव्हती. मधली एक नोंद होती, गुजरातेत मांडवीजवळची, १९१४ सालची, रिचर्ड मायनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षीसंग्राहकाच्या नावावर. शोधणारे तिच्या भरवशावर नको तिथे फिरले. पुढे उघड झालं, की त्यांनी दाखवलेला नमुना (जतन केलेला मृत पक्षी) ब्रिटिश संग्रहालयातून चोरून त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली होती. मूळ नमुना जेम्स डेव्हिडसन या पक्षीसंग्राहकाने खान्देशातच गोळा केलेला, असं अभ्यासकांचं मत आहे. चिठ्ठी बाजूला ठेवून शोध घेतला तेव्हा नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या अमेरिकी पक्षी-अभ्यासकांना हा पक्षी तुमच्याच शहाद्याजवळ दिसला. फोटोखालची ओळ म्हणजे तीच चिठ्ठी. ती चुकली तर फोटो कितीही देखणा असो, नोंद म्हणून बाद.

आता आवाज. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असं समजून पक्षी शिकार टाकून धावत येतो आणि ओरडत बसतो. साधारण ऑक्टोबरपासून उन्हाळ्यापर्यंत यांची वीण चालते. त्या काळात तेवढ्या वेळाची पाल किंवा उंदीर पिलांना मिळत नाही, आणि ढोली कुठे आहे हे सगळ्या रानाला कळतं. घरट्याला त्रास देणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत येतं, हेही ध्यानात असू द्या. शिवाय हा घुबडकुळातला असूनही दिवसा वावरतो. सकाळी शेताच्या कडेच्या सागाखाली, थोडं लांब, गुपचूप बसलं तर आवाजाची गरजच पडत नाही. नेमकी जागा कुणाला कळू नये म्हणून फोटो पाठवण्याआधी फाइलमधली जीपीएस नोंद पुसा. ओळीत ‘सातपुडा, नंदुरबार जिल्हा’ एवढं पुरे.

हतनूर धरणाच्या पाण्यावरची बदकं तिपाईवर कॅमेरा लावूनही फोटोत मऊ, म्हणजे पुसट, येतात. लेन्स खराब आहे का? – एक वाचक, भुसावळ

वेळ कळवली नाहीत, पण बहुधा दहानंतरची असावी. ऊन चढलं की चिखल आणि पाणी यांवरच्या हवेचे थर कमी-जास्त तापतात आणि प्रकाश वाकडातिकडा येतो. शटरचा वेग १/२००० सेकंद केला, महाग लेन्स लावली, तरी फरक नाही, कारण दोष हवेत आहे. अंतर कमी करा आणि उजाडल्यापासून नऊच्या आत काम उरका. गाडीतून काढत असाल तर एसी बंद ठेवा, काचा आधीच खाली घ्या. आतली गार आणि बाहेरची गरम हवा खिडकीतच मिसळते आणि तिथूनच फोटो बिघडतो.

यावल, अनेर, गौताळा इथे फोटोंसाठी परवानगी लागते का? – एक वाचिका, रावेर

लागते. तिन्ही अभयारण्यं आहेत. आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. ड्रोन घरी ठेवा.

कारखान्याने कॅलेंडरसाठी माझे फोटो घेतले, आता तेच जाहिरातीत वापरतात. काही करता येईल? – एक वाचक, चाळीसगाव

ते फोटो तुम्ही आधीच काढलेले होते, की कारखान्याने पैसे देऊन काढून घेतले? काढून घेतले असतील आणि वेगळा करार नसेल, तर १९५७च्या कॉपीराइट कायद्याने पहिला मालक कारखाना. आधीचे असतील तर मालक तुम्ही, आणि हक्क लेखी दिल्याशिवाय जात नाहीत. लेखी दिले पण मुदत घातली नाही, तर ती पाच वर्षं धरली जाते. यापुढे बिलावरच लिहा: कशासाठी, किती प्रती, किती काळ.

शाळेतल्या व्याख्यानात फोटो काळवंडले आणि मराठी मजकुराचे चौकोन झाले. पुढचं व्याख्यान धुळ्यात आहे. – एक वाचिका, दोंडाईचा

चौकोन येतात ते त्यांच्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसतो म्हणून. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा आणि फॉन्टसह पीडीएफ करून न्या. शाळांचे जुने प्रोजेक्टर अंधूक असतात आणि वर्गाला पडदे नसतात. म्हणून फोटोंची एक उजळ केलेली वेगळी प्रत ठेवा आणि रात्रीचे, सावलीतले फोटो गाळा. चाळीस मिनिटांना पन्नास-साठ फोटो खूप झाले. प्रोजेक्टरला जोडायच्या एचडीएमआय आणि व्हीजीए दोन्ही जोडण्या पिशवीत असाव्यात. वीज गेली तर हातात धरून दाखवायला पाच-सहा मोठे प्रिंट न्या. मुलं अहिराणी बोलणारी असतील तर प्राण्यांची नावं आधी त्यांच्याकडून काढून घ्या, मग आपली सांगा. मानधन आणि प्रवासखर्च आमंत्रण स्वीकारतानाच ठरवा. नंतर मागायला जीभ रेटत नाही.